जुन्या गाडीच्या डॅशबोर्डमधलं घड्याळ: दुरुस्ती आणि देखभाल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

व्हिंटेज गाडीचं इंजिन सुरेख चालतं, रंग चकाकतो, आणि डॅशबोर्डवरचं घड्याळ मात्र वर्षानुवर्षं एकाच वेळेवर थांबलेलं असतं. "ही घड्याळं तेव्हाही चालत नसत" असं म्हणून बहुतेक मालक तो विषय सोडून देतात. माझं मत याच्या अगदी उलट आहे. ही घड्याळं उत्तम बनवलेली होती. त्यातली बरीचशी वयामुळे बंद पडत नाहीत. उतरलेली बॅटरी आणि वाळलेलं तेल या दोन गोष्टी त्यांचा जीव घेतात, आणि दोन्हींवर उपाय आहे.

माझ्या गाडीतलं घड्याळ नेमकं कोणत्या प्रकारचं आहे, हे कसं ओळखायचं?

दुरुस्तीची सुरुवात इथूनच होते, कारण प्रत्येक प्रकाराचं दुखणं वेगळं असतं.

सगळ्यात जुना प्रकार चावीचा. एकदा पूर्ण चावी दिली की आठ दिवस चालणारं यंत्र. वॉल्थम, स्मिथ्स, येगर अशा कंपन्यांची ही घड्याळं. काहींची चावी काचेभोवतीची कडी फिरवून देतात, काहींची डॅशबोर्डखाली लोंबणाऱ्या खुंटीने. यांना विजेची तार नसते. असलीच तर ती फक्त दिव्यासाठी.

दुसरा प्रकार स्वतःच स्वतःला चावी देणारा. अमेरिकन गाड्यांमधली बोर्ग आणि वेस्टक्लॉक्सची घड्याळं, तसंच जर्मन गाड्यांमधली किएन्झ्ले आणि व्हीडीओची बरीच घड्याळं या जातीची. आत एक छोटी स्प्रिंग असते, ती मिनिट-दोन मिनिटं यंत्र चालवते. ती सैल झाली की दोन कॉन्टॅक्ट पॉइंट एकमेकांना टेकतात, कॉइलमधून (तारेच्या गुंडाळीतून) वीज जाते, विद्युतचुंबक एका दांड्याला झटका देतो आणि स्प्रिंग पुन्हा ताणली जाते. शांत गाडीत दर थोड्या वेळाने येणारा 'खट्' असा आवाज तो हाच.

तिसरा प्रकार बॅलन्स व्हीलला, म्हणजे मागे-पुढे हेलकावत वेळ मोजणाऱ्या चाकाला, थेट विजेने ढकलणारा. यात ताणायची स्प्रिंगच नसते. चाकाच्या प्रत्येक हेलकाव्याला कॉन्टॅक्ट क्षणभर जुळतो आणि चुंबक चाकाला हलका रेटा देतो. स्मिथ्सने अशी घड्याळं खूप बनवली. पुढे त्यात कॉन्टॅक्टच्या जागी ट्रान्झिस्टर आला. १९७० च्या दशकात क्वार्ट्झ आलं आणि हा सगळा खेळ हळूहळू संपला.

घड्याळ बंद आहे. ते बाहेर काढण्याआधी काय तपासावं?

आधी वीज. घड्याळाची वीज बहुधा इग्निशनच्या चावीवर अवलंबून नसते, ती थेट बॅटरीकडून येते. बऱ्याचदा तिचा फ्यूज आतल्या दिव्याच्या किंवा सिगारेट लायटरच्या फ्यूजबरोबर सामाईक असतो. तो फ्यूज काढून दोन्ही टोकं साफ करा. फ्यूज शाबूत दिसतो पण टोकांवर हिरवा थर चढलेला असतो, असं फार वेळा आढळतं.

मग मल्टिमीटर घ्या. घड्याळामागच्या तारेवरचं व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजइतकंच हवं, फार तर दोन-तीन दशांश व्होल्ट कमी. त्यानंतर अर्थिंग. हे तपासायला लोक हमखास विसरतात. घड्याळाची धातूची पेटी डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकते आणि तिथूनच परतीचा मार्ग पुरा होतो. गाडीला नवा रंग दिला की त्या रंगाच्या थराने तो मार्ग तुटतो. पेटीपासून चेसिसच्या उघड्या धातूपर्यंत एक तार जोडून पाहा. घड्याळ चालू झालं, तर पुढची सगळी मेहनत वाचली.

उतरलेल्या बॅटरीने घड्याळ जळतं म्हणजे काय? कमी विजेने कधी काही जळतं का?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. स्वतःला चावी देणाऱ्या घड्याळांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं उत्तरही हेच.

पॉइंट जुळले की कॉइलने दांड्याला इतक्या जोराने उडवायचं असतं की त्या उडण्यानेच पॉइंट पुन्हा वेगळे व्हावेत. म्हणजे वीज बंद करण्याचं कामही त्या झटक्यावरच सोपवलेलं आहे. बॅटरी भरलेली असताना हे निमिषात होतं. बॅटरी उतरत गेली की चुंबकाचा जोर कमी पडतो. दांडा जरासा हलतो किंवा हलतच नाही, आणि पॉइंट टेकलेलेच राहतात. जी कॉइल निमिषभर वीज घेण्यासाठी बनवली, तिच्यातून आता वीज अखंड वाहते. कॉइल तापते, तारेवरचं इनॅमल करपतं, पॉइंट एकमेकांना चिकटतात. उरलीसुरली बॅटरीही त्यातच संपते. दुसऱ्या दिवशी मालक बॅटरी बदलतो, गाडी सुरू होते, आणि घड्याळ मात्र कायमचं थांबलेलं.

१२ व्होल्टची निरोगी बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि १२ च्या खाली गेली की जवळपास रिकामी असते. ६ व्होल्टच्या बॅटरीसाठी हा आकडा ६.३ धरा. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर घड्याळाची तार सोडवून ठेवा, किंवा बॅटरीवर कट-ऑफ स्विच बसवा. शक्यतो बॅटरी उभ्या गाडीत हळूहळू भरत ठेवणारा छोटा चार्जर लावा. आणि दुसऱ्या गाडीची वीज घेऊन इंजिन सुरू करण्याची वेळ आलीच, तर आधी घड्याळाचा फ्यूज काढा, बॅटरी पूर्ण भरल्यावरच परत लावा. या प्रकारच्या घड्याळासाठी याहून मोठी काळजी मला माहीत नाही.

घड्याळ डॅशबोर्डमधून काढायचं कसं?

बॅटरीची अर्थ बाजूची तार आधी सोडवा. डॅशबोर्डमागे हात घालायचा, तिथे हातातला पाना किंवा अंगठी एकाच वेळी जिवंत तारेला आणि चेसिसला टेकायला वेळ लागत नाही. अंगठी काढून ठेवा.

बहुतेक घड्याळं मागच्या बाजूने U आकाराच्या पट्टीने आणि दोन बोटांनी फिरवता येतील अशा नटांनी धरलेली असतात. दिव्याचा होल्डर ओढून निघतो. वेळ लावायची केबल असेल तर तिची टोपी हाताने सोडवा. पक्कड लावली की ती चेपते, आणि पुन्हा मिळणं अवघड. प्रत्येक तारेचा फोटो काढा आणि चिकटपट्टीवर नाव लिहून तारेला लावा. जुन्या तारांचे रंग उडालेले असतात. आज ओळखू येणारी तार महिन्याभराने ओळखू येत नाही.

बाहेर काढलं. आता दोष यंत्रात आहे की विजेत, हे कसं कळेल?

स्वतःला चावी देणाऱ्या घड्याळासाठी एक फार सोपी परीक्षा आहे. वीज न जोडता, मागचं झाकण काढून, चुंबकाचा दांडा बोटाने हळूच मागे नेऊन स्प्रिंग ताणा. घड्याळ मिनिट-दोन मिनिटं टिकटिक करत चाललं तर यंत्र ठणठणीत आहे आणि बिघाड पॉइंटमध्ये किंवा कॉइलमध्ये आहे. काही सेकंदांत अडखळून थांबलं तर तेल वाळलंय. अजिबात हललं नाही तर बॅलन्स व्हीलला मऊ कुंचल्याच्या टोकाने अलगद धक्का देऊन पाहा.

मग कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. मीटरवर काहीच वाचन नसेल तर तार तुटलेली आहे. पण घाईने निकाल देऊ नका. व्हीडीओ आणि किएन्झ्लेच्या अनेक घड्याळांत एक उष्णतेचा फ्यूज असतो: स्प्रिंगच्या ताणाखाली असलेली एक पट्टी, कमी तापमानाला वितळणाऱ्या सोल्डरने धरून ठेवलेली. कॉइल तापली की तो सांधा सुटतो आणि वीज तुटते. म्हणजे घड्याळाने स्वतःला वाचवलेलं असतं. तो सांधा पुन्हा जोडला की घड्याळ चालतं. मात्र जोडताना बिस्मथ असलेलं, कमी तापमानाला वितळणारं सोल्डरच वापरा. नेहमीचं कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं. तेवढं तापेपर्यंत कॉइल राहणारच नाही.

टेबलावर वीज देताना मोबाइलच्या चार्जरसारखा लहान अडॅप्टर वापरू नका. झटक्याच्या क्षणी लागणारा प्रवाह त्याला देता येत नाही, आणि उतरलेल्या बॅटरीचा प्रकारच पुन्हा घडतो. भरलेली बॅटरी आणि मध्ये एक फ्यूज, एवढं पुरे.

कॉन्टॅक्ट पॉइंट कसे साफ करायचे?

घड्याळ दर दोन मिनिटांनी चावी घेतं असं धरा. दिवसाला ७२० झटके, वर्षाला अडीच लाखांहून जास्त. प्रत्येक झटक्याला बारीक ठिणगी. पॉइंट काळे पडणारच.

काळपट थर नुसता असेल तर जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून पॉइंटच्या मधे धरा, हलकेच दाबा आणि ओढून घ्या. पट्टीवर काळं उमटायचं थांबेपर्यंत हे करत राहा. खड्डे पडले असतील तर पॉइंट घासायची बारीक कानस किंवा एक हजार नंबरचा पॉलिश पेपर, तोही दोन-चार हात. घासल्यानंतर पुन्हा अल्कोहोलचा कागद फिरवा, कारण पेपरची कणी पॉइंटमध्ये रुतली तर जळण्याची नवी जागा तयार होते. पॉइंटवरचा मौल्यवान धातूचा थर पातळ असतो. तो संपला की खालचं पितळ काही आठवड्यांत जळतं, त्यामुळे आरशासारखी चमक आणायच्या मोहात पडू नका.

ठिणगी कमी करायची असेल तर कॉइलच्या दोन टोकांमध्ये १एन४००७ सारखा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा. पट्टी असलेलं टोक कॉइलच्या धन बाजूला. वीज तुटताना कॉइलमध्ये उसळणारा दाब डायोडमधूनच वळतो आणि पॉइंट वाचतात. उलटा लावलात तर थेट शॉर्टसर्किट होईल, म्हणून आधी गाडीचं अर्थिंग कोणत्या टोकाचं आहे ते पाहा.

अर्थिंग कोणत्या टोकाचं, याने घड्याळाला काय फरक पडतो?

१९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कित्येक ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं धन टोक चेसिसला जोडलेलं असे. कॉइल आणि पॉइंटच्या घड्याळाला याने फारसा फरक पडत नाही. ट्रान्झिस्टरच्या घड्याळाला पडतो, आणि उलटी वीज मिळाली की ट्रान्झिस्टर क्षणात जातो. गाडी नंतर कुणी ऋण अर्थिंगवर आणली असेल तर जुनं ट्रान्झिस्टरचं घड्याळ जोडण्याआधी त्याची पेटी चेसिसला टेकणार नाही अशी वेगळी ठेवण्याची व्यवस्था करावी लागते. त्याच काळातल्या जॅग्वार ई-टाइपमध्ये या भानगडीतून सुटका होती. तिथे घड्याळ गाडीच्या बॅटरीवर चालतच नव्हतं, त्याला १.३५ व्होल्टचा स्वतंत्र मर्क्युरी सेल होता. तसे सेल आता बनत नाहीत. त्याजागी १.५ व्होल्टचा सेल घालून एक डायोड मालिकेत जोडतात, म्हणजे दाब थोडा उतरतो.

गाडी ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आणली आहे. जुनं घड्याळ चालेल का?

थेट जोडलं तर जळेल. कॉइलचा रेझिस्टन्स मोजून तेवढ्याच ओहमचा, पुरेशा वॅटचा रेझिस्टर मालिकेत लावला की कॉइलला निम्मं व्होल्टेज मिळतं. सोबत फ्यूज हवाच, कारण पॉइंट अडकले तर आता रेझिस्टरही तापतो. त्याची जागा कापड, रेक्झिन आणि तारांच्या जुडग्यापासून लांब ठेवा.

तेल कोणतं, किती आणि कुठे?

घड्याळाचं तेल. शिलाई मशीनचं नाही, इंजिनचं नाही, आणि गंज सोडवायचा फवारा तर नाहीच नाही. फवारा मारल्यावर घड्याळ लगेच चालू लागतं, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसतो. त्यातला पातळ भाग काही दिवसांत उडून जातो. मागे उरतो तो चिकटा, आणि त्यावर धूळ बसून सहा महिन्यांत यंत्र आधीपेक्षा घट्ट होतं. शिवाय फवारा तबकडीवरही जातो आणि छपाई विरघळवतो.

खरं तर तेलाआधी सफाई. वाळलेल्या तेलावर नवं तेल घालणं म्हणजे किटणाची पेस्ट करणं. यंत्र पेटीतून सोडवून, तबकडी आणि काटे बाजूला काढून, घड्याळ धुवायच्या द्रावणात धुतलं पाहिजे. कॉइल आणि फायबरचे भाग त्यात बुडवू नका. यंत्र सुट्टं करायचा सराव नसेल तर इथे घड्याळजीकडे जा. जुन्या यांत्रिक घड्याळांवर काम करणाऱ्या कुणालाही हे यंत्र परकं वाटणार नाही.

सफाई झाल्यावर सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल प्रत्येक चाकाच्या आसाच्या टोकाशी, जिथे तो पट्टीतल्या भोकात फिरतो तिथे. दातांना तेल नाही. पॉइंटना नाही. आणि हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्स व्हीलवरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुकूनही नाही. तिचे वेढे तेलाने एकमेकांना चिकटले की ती जणू आखूड होते आणि घड्याळ तासाला कित्येक मिनिटं पुढे पळू लागतं.

चावीचं घड्याळ "जास्त चावी दिल्याने" अडकलं असं सांगितलं. खरं आहे का?

नाही. पूर्ण ताणलेली स्प्रिंग घड्याळ अडवत नाही. तेल वाळल्यामुळे यंत्र अडलेलं असतं आणि मालक चावी देत राहतो, म्हणून ती पूर्ण भरलेली सापडते. असं घड्याळ उघडताना मात्र सांभाळा: आधी चावीचा ताण क्लिक (स्प्रिंगला उलटं सुटू न देणारा खटका) सोडून हळूहळू उतरवायचा, मगच स्क्रूला हात लावायचा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी चावी द्या.

घड्याळ चालतं, पण पुढे जातं किंवा मागे पडतं. वेळ कशी जुळवायची?

दिवसात १,४४० मिनिटं असतात. पाच मिनिटांची चूक म्हणजे जेमतेम एक तृतीयांश टक्का. उन्हात तापणाऱ्या आणि खड्ड्यांतून जाणाऱ्या यंत्राला मी यासाठी नावं ठेवणार नाही. तरी सुधारणा होते.

मागच्या बाजूला किंवा तबकडीवरच्या एका फटीत छोटा दांडा किंवा स्क्रू असतो. एफ म्हणजे जलद, एस म्हणजे मंद. फ्रेंच आणि स्विस घड्याळांवर ए आणि आर असतं, त्यात ए जलद. एका वेळी केसभर हलवा, दोन दिवस वाट पाहा, मग पुन्हा.

१९५० आणि ६० च्या दशकांतल्या अनेक अमेरिकन घड्याळांत असा दांडा हाताशी नसतो. त्यांत वेळ लावायच्या खुंटीतच सोय आहे. घड्याळ पुढे गेलं असेल तर काटे मागे फिरवून बरोबर वेळेवर आणायचे, आणि त्याच हालचालीत आतला रेग्युलेटर (वेग ठरवणारा दांडा) थोडा मंद बाजूला सरकतो. मागे पडलं असेल तर उलट. काही दिवस रोज असं केलं की घड्याळ आपोआप ताळ्यावर येतं. म्हणूनच अशा घड्याळाचे काटे उगाच चाळा म्हणून फिरवू नयेत. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, त्या उन्हाळी वेळेसाठी काटे सरकवतानाही आतलं गणित बिघडतं आणि पुन्हा काही दिवस जुळवावं लागतं.

उन्हाळ्यात मागे पडतं आणि थंडीत पुढे जातं. दोष आहे का?

दोष नाही, धातूचा स्वभाव आहे. तापमान वाढलं की साध्या पोलादी हेअरस्प्रिंगची लवचिकता घटते, बॅलन्स व्हीलचे हेलकावे संथ होतात. अशा घड्याळात प्रत्येक अंश सेल्सिअसमागे दिवसाला सुमारे दहा-अकरा सेकंदांचा फरक पडतो. वीस अंशांचा फरक म्हणजे दिवसाला तीन मिनिटांहून जास्त. तापमानाने लवचिकता जवळजवळ न बदलणारा एलिनवार हा मिश्रधातू शार्ल एद्वार गियोम यांनी शोधला. निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरच्या कामासाठी त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ज्या घड्याळात तशी स्प्रिंग आहे त्याला ऊन कमी बाधतं. बाकीच्यांची वेळ ज्या मोसमात तुम्ही गाडी जास्त चालवता, त्या मोसमात जुळवा.

तबकडी आणि काटे अंधारात चमकायचे. तो रंग खरवडून नवा लावू का?

थांबा. १९६० च्या दशकापर्यंत अशा रंगात रेडियम वापरलं जात असे. आता तो चमकत नाही, कारण त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड झिजलंय. रेडियम मात्र आहे तिथेच आहे. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १,६०० वर्षं. काचेआड, न हलवता असलेल्या घड्याळाची भीती बाळगायची गरज नाही. धोका आहे तो खरवडल्यावर उडणारी धूळ नाकातोंडात जाण्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या तरुण कामगार मुली कुंचल्याला ओठांनी टोक काढत, आणि त्यातल्या कित्येकींना जबड्याच्या आणि हाडांच्या रोगांनी मृत्यू आला. रंग पिवळट-तपकिरी होऊन कुसकरत असेल तर काच उघडू नका. गायगर काउंटर असलेल्या आणि अशा तबकड्या हाताळणाऱ्या माणसाकडेच द्या.

तबकडी साफ कशाने करावी?

हवेच्या फुग्याने आणि अगदी मऊ कुंचल्याने. पाणीही नको. छपाई किती कच्ची आहे हे पुसल्यावरच कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. काटे काढताना तबकडीवर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा आणि दोन्ही बाजूंनी सारखा जोर देऊन सरळ वर उचला.

आतलं यंत्र काढून क्वार्ट्झ बसवलं तर?

बसवता येतं. तबकडी आणि काटे मूळचेच राहतात, वेळ अचूक मिळते. कॉइल जळून गेली असेल आणि पुन्हा गुंडाळून घेणं शक्य नसेल तर तो मान्य करण्याजोगा मार्ग आहे. पण यंत्र शाबूत असताना मी ते करणार नाही. तो 'खट्' आवाज आणि सेकंद काट्याची सलग चाल ही त्या गाडीचीच आहे. १९५८ मध्ये रोल्स-रॉईसच्या एका गाजलेल्या जाहिरातीने ताशी ६० मैल वेगाला गाडीत सगळ्यात मोठा आवाज विजेच्या घड्याळाचाच येतो, असं अभिमानाने सांगितलं होतं. बदलायचंच असेल तर जुनं यंत्र प्रत्येक स्क्रूसह डबीत घालून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. पुढच्या मालकाला ते परत बसवता आलं पाहिजे.

क्वार्ट्झनेही बॅटरी थोडी उतरते. पाच मिलिअँपिअर खाणारं यंत्र महिन्याला ३.६ अँपिअर-तास घेतं. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून हे फार नाही, पण चार-पाच महिने उभ्या असलेल्या गाडीत ते जाणवतं.

घड्याळजीकडे देताना काय सांगावं?

गाडीचं व्होल्टेज आणि अर्थिंगचं टोक लिहून द्या. टेबलावर चुकीच्या विजेने घड्याळ जळण्याचं हेच कारण असतं. घड्याळ किती वर्षं बंद आहे, कधी फवारा मारला होता का, हेही सांगा. चमकणारा रंग असेल तर तो तुमच्याकडून आधीच कळायला हवा. दुरुस्तीनंतर निदान दोन दिवस ते उभं, म्हणजे डॅशबोर्डमध्ये असतं त्याच स्थितीत चालवून बघायला सांगा, कारण आडवं ठेवलेलं घड्याळ चालतं आणि उभं केल्यावर थांबतं, असं होऊ शकतं. काढलेले जुने भाग मागून घ्या. आणि गाडीत परत बसवताना घड्याळाच्या तारेत त्याचा स्वतःचा छोटा फ्यूज लावा, हाताला सहज लागेल अशा जागी.